भिंतीला विचारलेले प्रश्न

भगवंतरावांनी पत्राची घडी उलगडली, मांडीवर सरळ केली आणि चष्म्याची काडी कानामागे नीट बसवली. मुंबईच्या दवाखान्याचं हे पत्र पोळ्याच्या आधी आलं होतं. आता दसरा होऊन गेला होता, आणि उत्तराचा कागद अजून कोराच होता.

ते ओसरीत खाटेवर बसले होते, दाराकडे पाठ करून. दाराच्या आत त्यांची भावसून, धाकट्या भावाची विधवा जयवंता भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मधे उंबऱ्यावर शेजारच्या मळ्यातली मैनाबाई पाय पसरून बसली होती. जयवंता लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, एक शब्द बोललेली नव्हती. रीतच तशी होती. भासरा आला की पदर तोंडावर ओढायचा, आणि काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. तिचा नवरा नत्थुजी होता तोवर तो सांगायचा. तो गेल्यावर हे काम मैनाबाईकडे आलं होतं.

"इचारा ना मास्तर," मैनाबाई म्हणाली. "कवाचे तो कागद कुरवाळून राह्यले."

"गाठ केवढी आहे, म्हणावं."

"ऐकलं काय वं? केवढी हाये म्हन्ते."

शेंगा फुटायच्या थांबल्या. आतून हलका आवाज आला, "सांग त्याइले, आंधी बोराएवढी होती. आता लिंबाहून मोठी."

भगवंतरावांनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं. उभ्या हयातीत त्यांनी पोरांना व्याकरण शिकवलं होतं, पेन्शन घेतल्यावर पुस्तकांतून डोकं वर काढलं नव्हतं, आणि तरी साधं पत्र लिहिताना त्यांना वाटायचं, आपलं काहीतरी चुकणार.

चुकलंही होतं. जयवंताला अकोल्याला नेलं होतं, तिथे बाई डॉक्टर आहे असं ऐकून. ती बाई बदलून गेली होती आणि तिच्या खुर्चीत एक साहेब बसला होता. जयवंता दवाखान्याच्या पायरीवरूनच मागे फिरली. मग मुंबईत अशा गाठींसाठी वेगळा दवाखाना निघाल्याचं भगवंतरावांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि इंग्रजीत पत्र घातलं. शब्दकोशात दोन शब्द एकाखाली एक होते. त्यांनी वरचा, चारचौघांत चालणारा, उचलला. उत्तर आलं की छातीच्या विकारांवर इथे उपचार होत नाहीत. गाठ स्तनात असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं पाठवावीत, म्हणजे खाट देता येईल की नाही ते कळवू.

त्या प्रश्नांपाशी ते अडले होते. एकदा विचारायला म्हणून मैनाबाईच्या मळ्यापर्यंत येऊन, मेथीचा भाव विचारून परत गेले होते.

"बाजू कोणती?" त्यांनी विचारलं.

"डावी," मैनाबाईनं परस्पर सांगून टाकलं. "मी पाह्यली ना. अन् मास्तर, ह्या टायमाले थान म्हनून लिवा. मागं मी थान सांगतलं अन् तुमी छाती लिवलं. त्याइले वाटलं, म्हातारीले खोकला झाला."

आत जयवंता हसली की तिला ठसका लागला, ते कळलं नाही.

"पुढचं इचारा लवकर. माह्यी वांग्याची बंडी उभी हाये."

पुढचा प्रश्न भगवंतरावांनी मनात वाचला. मग पुन्हा वाचला. कातडी फाटली आहे का, पाणी किंवा रक्त येतं का. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

मैनाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"तू बस ना जरा," भगवंतराव घाईनं म्हणाले.

"आन् वांगे काय तुमी इकता? त्या भितीले इचारा आता. थे काही तुमची भावसून नोहे." ती अंगणात उतरली, चपला शोधल्या, आणि जाता जाता मागे न पाहता म्हणाली, "जयवंते, लाजू नोको वं. लाजून पाह्यलं ना आतालोक."

बंडीची चाकं वाजत लांब गेली. ओसरीत ऊन आलं होतं. भगवंतराव समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर गेल्या दिवाळीचे हळदीकुंकवाचे हात होते, फिके पडलेले. त्यांनी पत्र जरा दूर धरलं आणि पोथी वाचावी तसं, कुणालाही न उद्देशून, वाचलं :

"कातडी फाटली आहे काय?"

आतून तसंच, कुणालाही न उद्देशून, उत्तर आलं.

"फाटली. मी भितीले सांगतो. फाटली, अन् पानी येते. वास येते म्हनून मी आता कोनाच्या घरी भजनाले जात नाही."

"केव्हापासून?"

"पोया झाला, त्याच्या मंग."

टाक कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. शाईचा ठिपका पसरत गेला. पत्राच्या माथ्यावर मुंबईची तारीख होती, पोळ्याच्या आधीची. भगवंतरावांनी तिच्यावर अंगठा ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी ठिपका टिपून घेतला आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, तिनं सांगितलं तेच लिहिलं.

"काखेत गाठ?"

"हाये. लहान हाये. हात वर होत नाही. लुगडं नेसाले वेळ लागते."

तेही लिहून झालं. शेवटचा प्रश्न उरला. सोबत कोण येणार आणि नातं काय. एकट्या बाईला घेत नसत.

"माह्यी पोरगी शालू येत नाही," भिंतीला सांगितलं गेलं. "थे अचलपूरले, बायंतपनाचे दिवस भरले तिचे. मैनाबाईच्या मयातले वांगे कोन पाह्यीन? कोनी नाही म्हना. नसन घेत तर राहू द्या म्हना. किती दिवस त्याइनं तरी कागद लिवावं."

यातलं शेवटचं भिंतीसाठी नव्हतं. भगवंतरावांनी मान खाली घातली.

त्यांनी आपलं नाव लिहिलं. नात्यापाशी पुन्हा थांबले. भासऱ्याला इंग्रजीत धड शब्द नाही. दीर, भासरा, मेहुणा, साडू, सगळ्यांची एकाच शब्दात सोय लावलेली. तो शब्द बरोबरही होता. पण तो लिहिला की मुंबईच्या त्या खाटेशेजारीही तोंड फिरवून बसायचं, आणि डॉक्टरनं विचारलेलं कुण्या भिंतीला सांगायचं? त्यांनी शब्दाचा पहिला अर्धा भाग लिहिला आणि पुढे टिंब दिलं. मग घसा साफ करून वाचलं :

"सोबत येणार, भगवंतराव. नातं, भाऊ."

एक शेंग फुटली. मग फोडायचा आवाज बंद झाला. आत लुगड्याची सळसळ झाली, आणि पावलं उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली. भगवंतरावांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सगळं एकडाव वाचून दाखवा," जयवंता म्हणाली. आवाज जवळून आला होता. "ह्या टायमाले शब्द बराबर लिवला ना तुमी?"

"लिहिला."

"कोनता?"

भगवंतरावांचे कान तापले. त्यांनी तो म्हणून दाखवला, मराठीत, मैनाबाई म्हणते तसा.

"हं," ती म्हणाली. "मंग टाका."

पत्र घेऊन भगवंतराव बडनेऱ्याला पोचेपर्यंत मुंबईकडची मेल फलाटाला लागली होती. टपालाच्या डब्याच्या खिडकीत जाळीमागे एक माणूस पत्रं लावत होता.

"आता टाकलं तर आजच जाईल का?" भगवंतरावांनी विचारलं.

"जाईल ना. पन वेळ टळून गेली, आजोबा. उशिराचं तिकीट लावा लागन वरून."

त्यांनी पैसे दिले. ते चिमुकलं तिकीट जिभेला लावलं, पाकिटावर अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरलं, आणि गाडीची शिटी झाली तेव्हा पत्र फटीतून आत सोडलं.