मानिनीचा फुलोरा

पांढऱ्या द्राक्षाची ती रांग उपटली तेव्हा सुनेला केवढा अभिमान वाटला होता! आंबट ढाण द्राक्षं ती, पाखरंसुद्धा तोंड लावत नसत. नवरा बोटीवर, सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. तिने एकटीने कुदळ चालवली आणि तिथे काळ्या मानिनीच्या काड्या लावल्या. पुढेमागे तेवढीच वाइन जास्त.

मानिनी हे सासूबाईंनी ठेवलेलं नाव. हे द्राक्ष आसपास दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. त्याची लाल वाइन पहिल्या वर्षी जीभ आवळायची आणि तिसऱ्या वर्षी अशी मऊ व्हायची की बोलायची सोय नाही. नवरा दरवर्षी तोडणीपुरती रजा काढून यायचा, द्राक्षं चुरायचा, पिंपं भरायचा आणि जायचा. मानिनी पिकली की नवरा घरी, इतका सरळ हिशेब.

सासूबाई परतल्या, मळ्यात गेल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! पांढरी कुठे गेली?"

"उपटली. खायला काळ अन् भुईला भार."

"भार? अगं, मानिनीचा स्वतःचा पराग कुचकामी. पांढरीचा उडून येतो तेव्हा कुठे हिचे घड भरतात. तुला त्याने सांगितलं नाही?"

त्याला वाटलं होतं, आईने सांगितलं असेल. आईला वाटलं होतं, त्याने.

फुलोरा तर झकास आला होता. खरं सांगायचं तर सुनेला द्राक्षांचं काय पडलं होतं? नवऱ्याची रजा बुडणार होती! शोधता शोधता पाण्याच्या टाकीमागे पांढरीचा एक वेल सापडला, उपटायचा राहून गेलेला. त्याचे तुरे खुडून ती मानिनीच्या एकेका तुऱ्यावर झटकत हिंडली. मान मोडून आली. "हळू गं, सतरंजी झटकतेयस का?" म्हणत सासूबाईंनी दुसरी रांग धरली.

दाणे धरले, पण इथे एक घड, तिथे एक घड.

नवऱ्याचा फोन आला. मळा लगडलाय म्हणून ठोकून द्यायचं तिने ठरवलं होतं, पण जीभ रेटेना.

"एक टोपली निघेल," ती म्हणाली.

"एका टोपलीसाठी कोण रजा देणार गं?"

"मग टोपलीसाठी मागू नकोस. माझ्यासाठी माग. मला तू हवा आहेस."

मग तो म्हणाला, "बघतो."

द्राक्षं काळी झाली, गोड झाली. सासूबाई म्हणाल्या, "तोडून घे आता." ती म्हणाली, "दोन दिवस थांबू." दोनाचे किती झाले कोण जाणे. दाणे सुरकुतायला लागले, पाखरं चोची मारायला लागली. फाटक वाजलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. बघावं तर दूधवाला, नाहीतर वारा.

एका सकाळी ती मळ्यात गेली, तर सासूबाई स्टुलावर चढून आपली चांगली चादर फाडून घडांना बांधत होत्या.

"आई, पडाल! तुम्हीच तर तोड म्हणत होतात."

"मी काही त्याची वाट बघत नाहीये हो," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मला पाखरांचा राग येतो, एवढंच. ते टोक धर."

सुनेने टोक धरलं.