हेडबाईची सुटका

परसातल्या पाच कोंबड्यांची म्होरकी म्हणून तिचं नाव पडलं हेडबाई. आठवडाभर ती कोपऱ्यात पिसं फुगवून बसली होती. पोट टम्म, चाल बदकासारखी. जनावरांचे डॉक्टर नवरा-बायकोला म्हणाले, "बरी व्हायची नाही. हाल करू नका, सोडवा."

नवऱ्याने लगेच पुढारपण घेतलं. तो वायरमन. प्लास्टिकच्या कॅनचं तोंड आणि तळ कापून त्याने तो भिंतीला उलटा टांगला. "डोकं खाली राहिलं की ती शांत होते. एकच घाव, धारदार. तिला कळताही कामा नये," असं बायकोला ऐकवत राहिला. हेडबाईला कॅनमध्ये उलटं उतरवून मान खालून बाहेर काढली, सुरी हातात आली आणि स्वारीचं अवसान गळालं.

"तू शिवणकाम करतेस, तुझा हात स्थिर," म्हणत तो न्हाणीघरात पळाला.

तिने हेडबाईच्या डोळ्यांवर तळवा धरला, जबड्याखाली चाचपलं आणि एका दमात सुरी ओढली. थोडी फडफड, मग निवांत. इथवर तिला फक्त वाईट वाटलं होतं.

"फेकू नकोस हं!" आतून आवाज आला. "पोट बिघडलंय, तंगड्यांना काय धाड भरलीय?"

जीव घ्यायला हात थरथरतात, तंगडी ताटात ओढायला नाही! तरी तिने पाणी उकळून बादलीत ओतलं आणि पिसं सुटावीत म्हणून हेडबाईला त्यात बुडवलं. भिजलेल्या पिसांचा कुबट वास नाकात बसला, पिसं मनगटांना चिकटली. पोट चिरलं तर पिवळं पाणी भसकन पायावर आलं. मागोमाग सडलेल्या अंड्यांचा गोळा, रबरासारखा, कांद्यासारखे थर असलेला. ती तोंडाला कोपर लावून भिंतीशी ओकली. मग खड्डा खणून सगळं पुरलं, तंगड्यांसकट.

हात तीनदा साबणाने धुतले, तरी वास जाईना. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "झालं का हो?"

नवरा भांग पाडून बाहेर आला होता. "झालं, काकू. आम्ही अगदी न दुखवता केलं. थोडं काळीज घट्ट करावं लागतं."

पिसांच्या पाण्याची बादली उचलून तिने त्याच्या पायांशी आदळली.

"आता 'आम्ही' हे ओता. आणि कॅनही 'आम्हीच' घासा."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. नवऱ्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि तो तिथेच ओकला.

ती त्याची पाठ चोळायला गेली नाही. सरळ आत गेली.