चौकटी चाटायला आलेली

मध काढून झाला की मधमाश्यांच्या पेटीतल्या रिकाम्या लाकडी चौकटी अंगणात उभ्या करायच्या. उरलासुरला मध माश्या चाटून नेतात आणि चौकटी आयत्या साफ होतात. मधमाश्या पाळणाऱ्या आमच्या घरात ही पद्धत सासऱ्यांपासूनची. वनरक्षक येता-जाता सांगायचा की डोंगरात अस्वलं आहेत, वास लांबवर जातो, चौकटी घरात ठेवा. आमचे हे म्हणायचे, अस्वलाला आमचा पत्ता देणार कोण? सून म्हणाली, वारा देईल. हे हसले, आणि चौकटी बाहेरच राहिल्या.

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. मी पायरीवर मेण गाळत होते. सून चौकटी फिरवून ठेवत होती. कुंपण मोडल्याचा आवाज आला म्हणून मान वर केली, तर चौकटींच्या पलीकडे अस्वलीण. पाठीवरचे केस घट्ट धरून दोन पिल्लं बसलेली. तिच्या आणि सुनेच्या मध्ये चौकटींची रांग, एवढाच काय तो आडोसा.

हे आतून काठी घेऊन धावले. सुनेने मागे न बघता तळहात हवेत हळूच खाली दाबला. पेटी उघडताना आम्ही नवख्या माणसाला हीच खूण करतो, की थांब, हातवारे करू नको. ह्यांची काठी आपोआप खाली आली.

अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवर पांढरा पट्टा, नखं माझ्या बोटांहून लांब. हवा हुंगली आणि खाली बसली. एक चौकट पंजांत धरून मध ओढायला लागली तेव्हा लोहाराचा भाता चालावा तसा आवाज झाला. तोंडावर माश्या लगडल्या, तरी ढिम्म हलेना. मी देवाचं नाव घ्यायचंसुद्धा विसरले.

सून पाऊल पाऊल मागे येत होती. इतक्यात एक पिल्लू पाठीवरून घसरलं, चौकटींना वळसा घालून थेट सुनेच्या मागे जाऊन बसलं. आता आई एकीकडे, पिल्लू दुसरीकडे आणि मध्ये आमची पोर. अस्वलिणीने चौकट टाकली. घशातून असा आवाज काढला की पायरी हादरल्यासारखी वाटली.

पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, माश्यांची वाट सोडायची, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. सून पळाली नाही. पिल्लाकडे वळलीही नाही. आडवी सरकत सरकत वाटेतून बाजूला झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "जा बाई, ने तुझं लेकरू."

अस्वलीण तिच्या अगदी जवळून गेली. पिल्लाला नाकाने ढकललं. ते केसांना धरून वर चढलं, आणि तिघं आली तशी कुंपणातून निघून गेली.

ह्यांनी सगळ्या चौकटी आतल्या खोलीत नेल्या आणि कडी लावली. सून पायरीवर बसली. मी पाणी दिलं आणि विचारलं, पळावंसं नाही वाटलं गं?

"वाटलं ना, आई. पण जाताना तिचा श्वास हाताला लागला. गरम होता." हात तिने अजून तसाच पुढे धरला होता. "मधाचाच वास होता."