ओटोचे तळहात

खाणावळीत न्याहारीच्या टेबलावर ओटो ब्रँडाऊला काटा धरवेना. उकडलेला बटाटा त्यानं बोटांच्या टोकांनी उचलून तोंडात टाकला आणि समोर बसलेल्या कॉन हॅनिफनच्या मनात पाल चुकचुकली. काल खेळ नव्हता, मग हात सुजले कशानं?

बेसबॉलच्या संघात कॉन पिचर आणि ओटो त्याचा कॅचर. सात मोसम कॉननं फेकलेला चेंडू ओटो उघड्या हातांनी झेलत आला होता. ऑर्डवे गावातले गिरणीकामगार म्हणायचे, हॅनिफनचा चेंडू दिसत नाही, ओटोच्या तळहातावर आपटतो तेव्हा नुसता ऐकू येतो. संघाचे मॅनेजर थॅचरसाहेब प्रत्येक खेळाआधी कॅचरचे हात उलटेपालटे करून बघत. हात सुजलेले म्हणजे पिचरच्या खांद्यात दम आहे, असं त्यांचं साधं गणित.

पण कॉनच्या खांद्यातला दम मे महिन्यातच गेला होता. एका सकाळी सदरा चढवताना आत काहीतरी तुटलं आणि वेग गेला तो गेलाच. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. खांदा गेलेल्या पिचरला ऑर्डवेत गिरणीच्या फाटकाशिवाय दुसरी वाट नव्हती, आणि त्या फाटकातून एकदा सुटलेल्या कॉनला परत आत जायचं नव्हतं.

आपल्या चेंडूनं हल्ली मुंगीसुद्धा मरणार नाही, हे तो जाणून होता. संघानं नुकताच वीटभट्टीवरचा एक डावखुरा आणून ठेवला होता, प्रुइट नावाचा. ओटो त्याचेच चेंडू चोरून झेलत असणार. थॅचरांनीच फितवला असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. स्वतः लपवणाऱ्याला सगळं जगच काहीतरी लपवताना दिसतं.

जरा पाय मोकळे करून येतो म्हणत ओटो उठला, तसा कॉन त्याच्या मागावर निघाला.

ओटो बर्फाच्या वखारीमागे गेला. तिथे प्रुइट नव्हता, कुणीच नव्हतं. ओटोनं डावा तळहात दगडी पायरीवर पसरला, उजव्या हातात मोडक्या बॅटचा दांडा घेतला आणि तळहात ठेचायला लागला. सावकाश, नेमून दिलेलं काम उरकावं तसा. मग त्यानं हात बदलला.

"ओटो, काय चालवलंयस हे?"

ओटो दचकला, पण दांडा त्यानं लपवला नाही. "तुझे चेंडू झेलतोय," तो म्हणाला. "मे महिन्यापासून तू टाकत नाहीस ते."

"तुला माहीत होतं?"

"सात वर्षं झेलतोय तुला. मला नाही तर कुणाला कळणार? थॅचरला हे हात मऊ दिसले असते ना, तर जूनमध्येच तुला नारळ दिला असता त्यानं."

कॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसावर संशय घेऊन तो त्याच्या मागावर आला होता.

दुपारी मैदानावर थॅचरांनी ओटोचे हात पाहिले. मग बाकीच्यांना बाहेर पाठवून दोघांना कपडे बदलायच्या खोलीत थांबवून घेतलं.

"हात सांगतात चेंडूला वेग आहे," ते म्हणाले. "तरी लागोपाठ पाच खेळ तू मार खाल्लास, हॅनिफन. वेग असून मार खाणारा पिचर सट्टेवाल्यांना विकलेला असतो. आणि कॅचरच्या मदतीशिवाय कुणी विकला जात नाही."

दोघांची नावं आजच लीगला कळवतो, म्हणाले. मग देशातला कुठलाही संघ दोघांना दारात उभं करणार नाही. ओटोचा चेहरा पांढराफटक पडला. घरी त्याला चार पोरं होती आणि खेळ सोडून दुसरं काही येत नव्हतं.

कॉननं टोपी काढली आणि खुंटीला अडकवायला उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"मेपासून एवढाच येतो, साहेब. मी लपवलं. ओटोला काही ठाऊक नव्हतं."

"मग हे हात?"

"मीच त्याला प्रुइटचे चेंडू झेलायला पाठवायचो. माझ्यानंतर कुणीतरी लागणारच ना तुम्हाला."

सकाळचा संशय असा दुपारी कामाला आला. थॅचरांना ते पटलं की नाही, कोण जाणे. पण खांदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"हात सरावलेलेच आहेत तर आज प्रुइट टाकेल," ते म्हणाले. "ब्रँडाऊ झेलेल."

कॉननं ओटोच्या ठेचलेल्या हातांकडे पाहिलं. आता शब्द मागे घेता येत नव्हता.

प्रुइटचा पहिला चेंडू ओटोच्या तळहातावर आपटला आणि मैदानाच्या फाटकाजवळची माणसंसुद्धा उठून उभी राहिली. असा आवाज मे महिन्यापासून कुणी ऐकला नव्हता. ओटोनं चेंडू परत फेकला, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता.

दर डाव संपला की तो बाकाशी येऊन हात पुढे करी. कॉन बादलीतला ओला फडका त्याच्या हातांना गुंडाळी.

"जोरात टाकतो मेला," तिसऱ्या डावानंतर ओटो म्हणाला.

"माझ्यापेक्षा?"

ओटोनं तळहात नीट पाहिले. "तुझ्यापेक्षा नाही."

या बोलण्यावर मात्र कॉननं संशय घेतला नाही. त्यानं फडका पुन्हा बुडवला आणि डाव्या हातानं पिळायला लागला. एका हातानं तो नीट पिळला जात नव्हता. लालसर पाणी त्याच्या बुटावर ठिबकत राहिलं.