राजाचा राहिलेला बुरूज

"अहो, दिवाळीचा किल्ला करताय की सरकारी पूल?" गराजच्या दारातून वसुधाने विचारलं.

हेमचंद्रांनी मान वर केली नाही. सारा जन्म पुलांची गणितं करण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी हातातली फूटपट्टी सुटली नव्हती. जर्सी सिटीहून नात अनया फोनवर म्हणाली होती, "आजोबा, या दिवाळीला श्रूजबरीला तुमच्या घरी आपण प्रिन्सेसचा कॅसल करू." बव्हेरियातल्या डोंगरावरचा, पांढऱ्या मनोऱ्यांचा नॉयश्वानस्टाइन. झालं, आजोबांच्या अंगात आलं. खऱ्यासारख्याच आतून विटा, वरून पांढरा थर. लुडविग राजाने सतरा वर्षं बांधकाम चालवलं, राहायला मिळाले सहा महिन्यांहून कमी, आणि सगळ्यात उंच बुरूज तर पायाशीच अडला, हे त्यांनी जेवताना इतक्यांदा सांगितलं की वसुधाला तो राजा सासरकडचाच कोणी वाटू लागला.

धनत्रयोदशीला मुलगा निहार अनयाला घेऊन आला. अनया जुना टी-शर्ट घालूनच गाडीतून उतरली. हातात आयसेलिनच्या देशी दुकानातून किल्ल्यावर पेरायला आणलेली मोहरीची पुडी.

"आजोबा, व्हेअर इज द मड?"

"माती कशाला? हा बघ, तयार आहे."

तिने किल्ल्याभोवती एक फेरी मारली. "इट्स परफेक्ट. सो... मी काय करू?"

हेमचंद्रांनी एक मनोरा बोटाने सरळ केला. तिने किल्ल्याच्या अंगणातल्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथे काय?"

"मोठा बुरूज व्हायचा होता. राजा गेला, बुरूज राहिला."

"कॅन आय मेक इट?"

"अगं, खऱ्या किल्ल्यात तो नाहीच. चुकीचं होईल ते."

"ओके," म्हणून ती घरात गेली. पुडी तिथेच राहिली.

निहार गराजच्या भिंतीला टेकून उभा होता. "लहानपणी मलापण हाच हवा होता, बाबा. तुम्ही म्हणालात, जिथे लढाई झाली नाही तो किल्ला कसला? मग राजगड केला. म्हणजे, तुम्हीच केलात." तो हे हसत म्हणाला, म्हणून जास्तच लागलं.

"तिने किल्ला बघायला मागितला नव्हता हो," वसुधा हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्रांनी बादलीभर माती कालवली आणि नातीला हाक मारली. "मेबी लेटर, आजोबा," आतून उत्तर आलं. पाडव्याला निहार अनयाला घेऊन परत गेला तेव्हा बादलीतली माती वाळून भेगाळली होती.

दिवाळी सरली. किल्ला मोडायची वेळ झाली, पण हेमचंद्रांनी ती माती पुन्हा भिजवून मोकळ्या चौकोनात पसरली आणि मोहरी पेरली. कोंब वर आल्यावर अनयाला फोटो पाठवला. तिने एक लाल बदाम पाठवला. तेवढाच.

पहिला बर्फ पडला तशा शेजाऱ्यांच्या गाड्या गराजमध्ये गेल्या. हेमचंद्रांची बाहेरच राहिली. रोज सकाळी कानटोपी घालून ते काचेवरचा बर्फ झाडत, आणि वसुधा खिडकीतून बघत असे. किल्ला कधी मोडणार, हे मात्र तिने विचारलं नाही.