सावडीचा दुसरा टप्पा

दहावीतल्या अपेक्षानं रिहे गावात कन्सल्टिंग फर्म काढली, तेव्हा तिच्याकडे भांडवल काय, तर वक्तृत्वाचं एक बक्षीस, बाबांचा जुना मोबाईल आणि शहरालगत सूसला राहणारी नम्रताताई. ही मावसबहीण खऱ्याखुऱ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये होती. ती घरी आली रे आली की अपेक्षा तिला नोकरीचे फायदे-तोटे विचारी.

"विमानानं फिरायला मिळतं, पगार बरा," ताई सांगे. "पंचविशीतच पन्नाशीच्या माणसांना 'तुमचं चुकतंय' म्हणता येतं. पण झोप नाही गं. आणि आपल्या सल्ल्याचं पुढं काय झालं, ते कधी कळत नाही."

'तुमचं चुकतंय' ऐकूनच अपेक्षाचे कान तृप्त झाले. पुढचं आत शिरलंच नाही.

गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. भातलावणीची सावड सुरू व्हायची होती. आठ घरच्या बायका मिळून आज एकीच्या खाचरात रोप लावत, उद्या दुसरीच्या. आधी कुणाचं, हे ओट्यावर तासभर भांडून ठरे. अपेक्षानं मोबाईलवर रंगीत तक्ता केला. रस्त्याकडची खाचरं आधी, डोंगराकडची शेवटी. चालणं निम्म्यावर! गुडघ्यांनी वैतागलेल्या बायका खूश.

भीमाबाई तेवढी कुरकुरली. अपेक्षाच्या समोरच्याच घरात एकटी राहणारी, वर्षाचं खाणं त्या एका खाचरावर.

"पोरी, माजं पार वर हाय. पानी लवकर उतरतं. अन् रोप बी जून व्हायला लागलंय."

"आत्या, तक्ता बघा ना. तुमचा आठवा नंबर सगळ्यात सोयीचा आहे."

"कुनाला?"

हा प्रश्न अपेक्षाला अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला.

तक्त्याप्रमाणं खालून लावणी सुरू झाली. मग चार दिवस पाऊस गायब. पाचव्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर ती सहज वर चढली. सहज कसलं, खालच्या लावलेल्या खाचरांतलं स्वतःचं यश वरून न्याहाळायला! भीमाबाईचं खाचर नुसता चिखल झालं होतं. तरव्याच्या वाफ्यातली, लावणीची वाट बघणारी रोपं पिवळी पडत होती आणि भीमाबाई ओढ्यावरून कळशीनं पाणी आणून त्यांना घालत होती. तिनं अपेक्षाकडं पाहिलं आणि रिकामी कळशी घेऊन पुन्हा ओढ्याकडं वळली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अपेक्षानं खाली पळत येऊन फोन लावला. "ताई, सल्ला चुकला की तुम्ही काय करता?"

"चुकला असं म्हणत नाही गं. दुसरा टप्पा म्हणतो. आणि तोवर बहुतेक मी दुसऱ्या गावात असते."

अपेक्षाला दुसरं गाव नव्हतं. तिचं गिऱ्हाईक समोर राहत होतं.

संध्याकाळी बायका जमल्या तशी ती ओट्यावर उभी राहिली. "काकूंनो, आता आपण सावडीच्या दुसऱ्या टप्प्यात..."

"म्हंजी चुकलं म्हन की!" साळूबाई म्हणाली.

वक्तृत्वात हे वाक्य कधी आलं नव्हतं. "चुकलं," अपेक्षा म्हणाली. "उद्या भीमाआत्याचं लावू या. सुलक्षणाकाकू, उद्याचा नंबर तुमचा आहे, तो द्या ना. बदल्यात मी तुमच्याकडं दिवसभर राबेन."

"तुला लावता येतंय व्हय?"

"नाही."

"ह्ये मातर खरं बोलली," काकू हसल्या. "घे उद्याचा."

रविवारी सगळ्या वर चढल्या. एकटीच्यानं जे होत नव्हतं, ते आठ जणींनी तासाभरात केलं. दगड-माती टाकून ओढा अडवला आणि पाणी खाचरात वळवलं. मग लावणी. दुपारपर्यंत अपेक्षाची कंबर राहिलीय की गेली, तेच तिला कळेना.

"तुजी ओळ कुटं चाललीया? पिरंगुटला?" साळूबाई ओरडली.

"जाऊ दे, जाऊ दे," भीमाबाई म्हणाली. "फुडच्या साली बी तक्ता कर, पोरी. पर आदी हितं चढून ये."

तेवढ्यात ताईचा मेसेज आला : 'काय गं, तुझ्या सल्ल्याचं पुढं काय झालं?'

अपेक्षा सल्ल्याच्या पुढच्या भागात गुडघाभर रुतून उभी होती. चिखलाच्या बोटांनी तिनं खाचराचा फोटो पाठवला.

उत्तर लगेच आलं : 'मस्त! ती वाकडी ओळ तुझी ना?'