धावजीच्या पायावरचं प्लास्टर

मी प्लास्टर बोलतोय. हो, मोडक्या हाडावर बांधतात तोच मी. आधी नुसती पांढरी पूड लावलेली पट्टी होतो. दिग्रसच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बादलीत बुडवून धावजीच्या डाव्या पायावर गुंडाळलं, आणि घटकाभरात मी दगडासारखा कडक झालो. तिथून पुढं पाणी माझा वैरी.

धावजी तांड्यावरचा. जिनिंगमध्ये गाडी भरताना वर उभं राहून पायांनी कापूस दाबायचा, हेच त्याचं काम. भरल्या गाडीवरून घसरला आणि घोटा मोडला. नाव काय, अन् झालं काय!

"पाय टेकवायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. हाड वाकडं जुळलं तर जन्मभर लंगडाल," बाईंनी बजावलं.

पाण्याचं त्यानं फार सांभाळलं, खोटं कशाला बोलू? आंघोळीला बसला की त्याची बायको हंसाबाई मला खताची पिशवी बांधायची. एक थेंब उडाला तरी तिच्यावर खेकसायचा.

पण यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. जिनिंग जेमतेम महिनाभर चालणार. मुकादम उत्तमसिंगनं निरोप धाडला, "येतं का नाई सांग. नाईतर दुसरा उभा करतो."

"जाऊन राह्यलो मी," धावजी म्हणाला.

"अवो, पाय मोडला ना तुमचा!" हंसाबाई रडकुंडीला आली.

"कापसात उभं राहाचं हाय वं, गोट्यावर नाई. गादीच असते ते. एकदा जागा गेली का मंग मले कोन बोलावते?"

मलाही ते पटलं. मूर्ख मी!

जिनिंगमधल्या दोघा गड्यांनी त्याला उचलून गाडीत चढवलं. कापूस खरंच मऊ होता. धावजी तोल सावरत दाबत होता, मधूनच हसतही होता. संध्याकाळी मात्र माझं अंग ढिलं पडलं. नीट दबावा म्हणून कापसावर पाणी मारतात, हे धावजीला माहीत नव्हतं थोडंच! सारा जन्म त्यातच गेला. पण ओल्या कापसाला तो पाणी म्हणतच नव्हता. पाणी म्हणजे हंड्यातलं, नळाचं.

"घामानं मऊ पडलं," तो म्हणाला आणि मला चुलीजवळ धरून वाळवलं. सकाळी पुन्हा कामावर. असं रोज. माझा आतून चिखल झाला, हाड माझ्या डोळ्यांदेखत सरकलं, आणि मला काही करता आलं नाही.

आज मला कापून काढलं. डॉक्टरीणबाईंनी घोटा दाबून पाहिला.

"वाकडं जुळलंय, धावजी. आता गाडीवर चढणं विसरा. पाणी लागलं ना?"

"आईच्यान, बाई, एक थेंब लागू नाई देल्ला!"

तो खोटं बोलत नव्हता हो.

हंसाबाईनं पिशवीतून डाव्या पायाची चप्पल काढली. इतके दिवस जपून ठेवली होती. पाय तिच्यात बसेना. तिनं पुन्हा दाबून पाहिलं.

"राहू दे वं," धावजी म्हणाला.

आता मी दवाखान्यामागच्या कचऱ्यात पडलोय. धरून ठेवायला जन्मलो होतो, तेवढंच जमलं नाही. माणसांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्या पायावर असेल, तर त्याला कापसात नेऊ नका, एवढंच सांगतो.

ती चप्पल माझ्या शेजारीच टाकलीय. अजून तिचा तळही झिजलेला नाही.